हाड उचलण्याआधी जागेची नोंद व्हावी: चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर यांस,

वरोरा तालुक्यातलं पिसदुरा आणि शेजारचं डोंगरगाव जीवाश्मांसाठी जगभर ठाऊक आहेत. डोंगरगावच्या सांगाड्यावरून १९९७ साली टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनासोरांच्या कुळातली नवी जात वर्णिली गेली. आज तिला इसिसॉरस म्हणतात. पिसदुऱ्याच्या डायनासोरांच्या लेंड्यांच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. हा ठेवा लॅमेटा नावाच्या, डायनासोरांच्या काळातल्या गाळाच्या थरांतला, दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचा. तो उघडा पडतो नांगराने, शेततळ्याने, मुरुमाच्या खोदाईने. मुरुमाचे परवाने आपल्याच कार्यालयातून निघतात, म्हणून हे पत्र.

तुकडा हाडाचा आहे का, हे आधी ताज्या मोडलेल्या बाजूवर, दहापट भिंगातून पाहावं. बाहेर घट्ट कवच आणि आत स्पंजासारखी जाळी दिसली, तर ते हाड. सरळ धागे आणि वाढीची वलयं दिसली, तर दगड झालेलं लाकूड. चुनखडीच्या गोट्यात यातलं काहीच नसतं. कासवाच्या ढालीचा तुकडा पातळ, दोन्ही बाजूंनी घट्ट आणि मधे जाळीदार असतो. पुष्कळदा तोच ‘डायनासोरचा’ म्हणून पुढे येतो. जिभेला चिकटलं की हाड, ही चाचणी फसवी आहे, कारण माती आणि झिजलेला चुनखडकही चिकटतो. उलट, छिद्रं कॅल्साइटने, म्हणजे चुन्याच्या खनिजाने, भरलेलं अस्सल हाड चिकटतच नाही.

हाड ठरलं तरी प्राणी कोणता, हे नुसत्या तुकड्यावरून बहुधा सांगता येत नाही. शेपटीच्या मणक्याला पुढे खळगा आणि मागे गोळा असेल, तर टायटॅनोसॉर म्हणायला आधार मिळतो. बाकी वेळी निर्णय जागेवर अवलंबून असतो. नदीच्या गाळातलं हत्तीचं हाडही जाड आणि जड असतं. थर माहीत नसेल तर तज्ज्ञही अडतो. जागा हरवलेलं हाड म्हणजे उतारा हरवलेली जमीन!

म्हणून तलाठ्यांकडे एक पानी नमुना द्यावा. त्यात गट क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, जमिनीपासूनची खोली, मातीचा रंग, आणि तुकडा थरात रुतलेला होता की सुटा पडलेला, हे यावं. शेजारी मोजपट्टी ठेवून उचलण्याआधी फोटो काढावा. तुकडा सुटा असेल तर चढाच्या बाजूला शोधावं, तो बहुधा तिकडूनच घरंगळलेला असतो. मोडलेले तुकडे वेगवेगळ्या कागदात, एकाच क्रमांकाने बांधावेत. धुऊ नये: पाण्याने आतली चिकणमाती फुगते आणि हाड भुगा होतं. व्हिनेगर, लिंबू नकोच. आतला चुना विरघळतो. झटपट चिकटवणारा गोंद नंतर काढताना पृष्ठभागही सोबत निघतो. हाड रुतलेलं असेल तर हात न लावता ताडपत्री टाकून ठेवावी. प्लास्टरचं आवरण घालणं तज्ज्ञाचं काम आहे. मधे ओल्या कागदाचा थर घालायला विसरलं, तर प्लास्टर हाडालाच धरतं.

गौण खनिजाच्या परवान्यात एकच अट वाढवावी: हाड दिसताच त्या ठिकाणची खोदाई थांबवून तलाठ्याला कळवणं. ताबा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जावा आणि पोचपावतीची प्रत शेतकऱ्याला मिळावी. शेत जप्त होईल या धास्तीने माणसं हाडं बांधावर फेकतात; तसं होणार नाही, हे आपल्या सहीनिशी चावडीवर लागलं तर नोंदी आपोआप वाढतील.

आपले,
भूशास्त्राचे अभ्यासक