गाडी गावात येते, थेरपीच काहून येत नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात दिव्यांग शिबिराचा फोटो आला होता, तीनचाकी सायकली ओळीनं लावलेल्या, मागं मांडव, पाहुण्यांचे सत्कार. त्या शिबिराला मी पण गेली होती पोराला घेऊन. फोटोत आम्ही नाही कारण अर्ध्या तासातच बाहेर निघालो. लाउडस्पीकर सुरू झाला अन् बाबूनं दोन्ही कानांवर हात दाबून जमिनीवर लोळण घेतली, मी त्याला तसाच उचलला अन् रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या मागं नेऊन बसवलं. त्याच्या आधी नोंदणीच्या टेबलावरच्या दादानं मला विचारलं होतं, "ताई, याले काय झालं? चांगला तर धावते!" मी म्हटलं ऑटिझम आहे. तो म्हणे, मग याले काय देऊ, सायकल का कानाची मशीन? त्या बिचाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या यादीत तेवढंच होतं.

2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत अन् त्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, स्पष्ट लिहिलेली आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात 7 च प्रकार होते, त्यात हे नव्हतंच. म्हणजे आमचं लेकरू कायद्यात बसलं, मांडवात अजून बसायचं आहे.

बाबू आता 6 वर्षांचा आहे. दीड वर्षाचा होता तेव्हा नाव घेतलं तरी वळून पाहायचा नाही. सासूबाईंना वाटलं कानात दोष आहे, त्यांनी पाठीमागून थाळी वाजवून पाहिली, पोट्टा हललाच नाही. पण आतल्या खोलीत मुरमुऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं की अंगणातून धावत यायचा. मग कान कसे खराब म्हणायचे? तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरली अन् यानं बैल उलटा केला अन् अंधार पडेपर्यंत त्याचं चाक फिरवत बसला. शेजारचे आबाजी म्हणे, हा मोठेपणी मेकॅनिक होते पहा. आम्ही पण हसलो.

पकडलं ते अंगणवाडीत. आरबीएसकेची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, 2013 पासून सुरू आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन् शाळेत एकदा तपासणी असते. त्या गाडीतल्या मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, चांदोमामा बोटानं दाखवते का? मी म्हटलं नाही मॅडम, काही पाहिजे असलं तर माझं मनगट धरून नेते अन् माझाच हात त्या वस्तूवर ठेवते. त्यांनी वजनकाटा बाजूला ठेवला अन् फॉर्मवर बराच वेळ लिहिलं. त्या मॅडमचे उपकार आहेत, नाही तर आम्ही अजून "मुलं उशिराच बोलतात, याचा बाप पण उशिरा बोलला होता" यावरच राहिलो असतो.

हे वाचणाऱ्या बायांसाठी लिहून ठेवते. लेकरू वर्षाचं झालं तरी नावाला ओ देत नसंल, दीड वर्षाचं झालं तरी बोटानं काही दाखवत नसंल, किंवा बोलायला लागून मग बोलणं बंद झालं असंल तर आशाताईला सांगा, वाट पाहू नका. अन् मोबाईल दाखवला म्हणून झालं, आईनं लक्ष दिलं नाही म्हणून झालं, गोवराच्या इंजेक्शननं झालं, हे सगळं मी पण ऐकलं आहे, तेही स्वैपाकघरात, भाकरी थापता थापता. मोबाईल कमी पाहिलेला बराच, पण ऑटिझम त्यानं होत नाही, ही मेंदूची घडणच वेगळी असते. इंजेक्शनची भानगड 1998 ला इंग्लंडच्या एका डॉक्टरच्या लेखावरून उठली, अन् 2010 मध्ये लान्सेट नावाच्या ज्या मासिकात तो लेख छापला होता त्यांनीच तो मागं घेतला. तेवढं मात्र आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही.

नंतरचं वर्ष कागदांत गेलं. दवाखाना म्हटला की आमच्याकडे सेवाग्राम, सावंगी नाही तर नागपूर. प्रमाणपत्रासाठी 40 प्रश्नांची तपासणी असते, त्यावरून अपंगत्वाचे टक्के ठरतात, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, 1 लाखापर्यंतचा विमा, थेरपीचा, म्हणजे बोलणं-वागणं शिकवण्याचा, खर्च पण त्यात धरतात, पण आधी आपण खिशातून भरायचा अन् मग बिलं पाठवायची. ज्याच्या खिशात आधी असते त्याला ती योजना चांगली आहे. आमच्या घरात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, अन् मधल्या दिवसांत माझी शिलाई मशीन.

आता मुद्द्याचं सांगते. रिपोर्टवर लिहून दिलं, आठवड्यातून तीनदा थेरपी. थेरपी शहरात. पहाटे 5 ला उठून पोराला तयार करायचं, ऑटोनं फाट्यावर यायचं, तिथून एसटी, दोन तास. एसटीत हॉर्न, गर्दी, डिझेलचा वास, खिडकीचं तावदान खडखड वाजते, तो ओरडायला लागतो, स्वतःच्याच हाताला चावतो. मागून कोणीतरी हमखास म्हणते, आजकालच्या बायांना लेकराला वळण लावता येत नाही बाप्पा. तिथं पोचेपर्यंत पोरगं इतकं थकलेलं असते की 45 मिनिटांच्या सेशनमधली 30 मिनिटं त्याला शांत करण्यातच जातात. उरली 15. त्या 15 मिनिटांसाठी दिवसभराची मजुरी बुडते, फीचे 400 अन् जाण्यायेण्याचं वेगळं. तीनदाचं एकदा झालं, मग पंधरा दिवसातून एकदा, अन् सोयाबीनच्या सोंगणीत पूर्ण बंद. फाईलवर मात्र शेरा आला की पालक नियमित येत नाहीत. त्या शेऱ्यानं मला जेवढं रडवलं तेवढं निदानानं पण नव्हतं रडवलं.

पण जी 15 मिनिटं भेटली त्यात एका थेरपिस्ट ताईंनी मला जे शिकवलं त्यावरच आमचं घर चाललं आहे. त्या म्हणाल्या, याच्याकडे शब्द नाहीत म्हणून हा ओरडतो, याला मागायची दुसरी रीत द्या. मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर फोटो चिकटवून कार्डं केली, पाणी, मुरमुरे, भजे, बाहेर जायचं, अन् स्वैपाकघराच्या दाराला दोरीनं टांगली. नियम असा की सुरुवातीला त्यानं कार्ड हातात आणून दिलं की त्याच क्षणी ती वस्तू द्यायची, "थांब, नंतर देते" म्हणायचंच नाही, नाही तर कार्डाचा अन् वस्तूचा संबंध त्याच्या डोक्यात जुळत नाही. पहिले नऊ दिवस त्यानं एकही कार्ड काढलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी 6 ला भज्याचं काढलं. आता 6 ला कढई कोण चढवते? पण चढवली. त्या दिवशी त्यानं सात वेळा भज्याचं कार्ड आणलं, सासरे म्हणे आज सण आहे का? रात्री मी भज्याचं कार्ड काढून ट्रंकेत टाकलं अन् मुरमुऱ्याचा डबाच खाली ठेवला. एवढी तरी अक्कल वापरावी लागते. आता 14 कार्डं आहेत, ओरडणं निम्म्यावर आलं आहे, अन् मागच्या महिन्यात त्यानं आपणहून "पानी" म्हटलं, कार्ड न घेता.

म्हणजे बघा, काम घरातच होते, अन् करणारी मी, सासूबाई, अंगणवाडीची ताई अन् जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, ज्यांनी त्याला दाराजवळची जागा दिली अन् घंटा वाजवायच्या आधी त्याला बोट धरून बाहेर नेतात. आम्हाला ते शिकवणारं माणूस पाहिजे, जवळ पाहिजे, ठरलेल्या दिवशी पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावं, तिथं बोलण्याचे, मानसशास्त्राचे, विशेष शिक्षणाचे तज्ज्ञ असावे हे आरबीएसकेच्या योजनेतच आहे. लेकरू शोधायला गाडी गावापर्यंत येते, अन् सापडल्यावर म्हणते आता तुम्ही या जिल्ह्याला. माझं म्हणणं एवढंच की त्यातला एक माणूस आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसवा. अन् तो दिवस बाजाराचा ठेवा. बाजाराच्या दिवशी गावागावातून ऑटो भरून येतात, बायांना घरून निघायला कोणाची परवानगी लागत नाही, सोबत मिळते, मजुरी तशीही त्या दिवशी कमीच असते. खोली मात्र ओपीडीच्या गर्दीपासून लांब द्या, पंख्याचा आवाज न येणारी.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे. मार्च आला की ब्लँकेट, भांडी, नाही तर खुर्च्या वाटून तो निधी संपवून टाकतात. त्यातूनच गावातल्या अशा लेकरांना तालुक्याला नेण्याआणण्याचं ऑटोचं भाडं निघंल. मी ग्रामसभेत बोलली होती, एक जण म्हणाला आपल्या गावात असं एकच पोट्टं आहे, एकासाठी काय करायचं. अंगणवाडीच्या ताईनं अन् मी मिळून बसून मोजलं, आजूबाजूच्या पाच गावांत न बोलणारी, झटके येणारी, सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या दोषानं हातपाय नीट न चालणारी, मिळून अकरा लेकरं निघाली. त्यातल्या तिघांना घराबाहेर काढतच नाहीत.

दिवस कोणता ठरला ते पेपरात छापा, म्हणजे सगळ्यांना कळंल. मी तर बाजाराच्या दिवशी तशीही तालुक्याला येतेच, अस्तराचं कापड अन् दोऱ्याची रिळं घ्यायला.

आपली,
एक आई, जि. यवतमाळ