‘विक्रांत’ गेली, तिची विमाने तरी छपराखाली आणा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. 1998 पासून ते लोकांसाठी खुले आहे. पण गोव्याला जाणारी आपली बहुतेक मंडळी ते ओलांडून थेट समुद्र गाठतात. गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन मी तिथे गेले. सी हॉक या लढाऊ विमानाच्या शेपटीखाली वाकून बघत त्याने विचारले, “मावशी, हा आकडा कशाला?” ‘विक्रांत’ या आपल्या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेवर उतरताना तो आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकायचा आणि सुसाट आलेले विमान थोडक्या अंतरात थांबायचे. 4 डिसेंबर 1971 रोजी ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉकनीच तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले होते. पाणबुड्यांचा माग काढणारे अलिझेही तिथे पाहायला मिळते. आणि तीन शेपट्यांचे ते भले थोरले सुपर कॉन्स्टेलेशन! आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान, मग वायुदलात आणि 1976 पासून नौदलाच्या सागरी टेहळणीत.

ही विमाने उघड्यावर उभी आहेत. माझे वडील नौदलात विमानांचे मेकॅनिक होते. समुद्रावरून विमान परतले की ते आधी गोड्या पाण्याने धुवायचे, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. मीठ रिव्हेटांच्या फटींत शिरते. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज आतून पोखरत जातो आणि वरचा रंग मात्र ठीक दिसत राहतो. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस आणि बारमाही खारा वारा यांच्यापुढे नुसती रंगरंगोटी किती पुरणार?

‘विक्रांत’ 1997 मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये भंगारात तोडली गेली. तेव्हा आपण सगळे हळहळलो. तिच्या डेकवरून उडालेल्या विमानांपैकी जी उरली आहेत, त्यांच्यासाठी तरी संरक्षण मंत्रालय आणि गोवा सरकारने मिळून पक्के छप्पर उभारावे, ही कळकळीची विनंती. सुपर कॉन्स्टेलेशन काही ‘विक्रांत’वरचे नाही आणि त्याच्या पंखांचा पसारा 37 मीटरचा. त्याची शेड मोठ्या खर्चाची होईल, हे मान्य. सी हॉकची लांबी-रुंदी जेमतेम 12 मीटर आहे. निदान त्याच्यावरचे छप्पर पुढच्या पावसाळ्याआधी व्हावे.

– आपली एक वाचक, सावंतवाडी