डिस्चार्जनंतरचे 28 दिवस : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेच्या वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे मोफत उपचार मिळू लागले, हे चांगलेच झाले. पण ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते आणि डिस्चार्जनंतर फार तर 15 दिवसांच्या औषधांपर्यंत पुरते. म्हाताऱ्या माणसाचे खरे हाल त्यानंतर घरी होतात.

पक्षाघाताचा किंवा खुबा मोडलेला रुग्ण गावी परतला, हे गावच्या आरोग्य उपकेंद्राला कोणी कळवत नाही. इंग्रजी लघुरूपांनी भरलेले डिस्चार्ज कार्ड एक्स-रेच्या पिशवीत पडून राहते. घरात बीपीच्या जुन्या गोळ्या असतातच. नव्या गोळीचे नाव वेगळे, पण आत अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचे तेच औषध. मग दोन्ही चालू राहतात. पायांना सूज येते. ती उतरवायला कोणीतरी लघवी होण्याची गोळी देतो. रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन माणूस पडतो, की पुन्हा तेच रुग्णालय.

नवजात बाळासाठी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जातात. त्या भेटींचे दिवस ठरलेले आहेत, मोबदलाही ठरलेला आहे. साठीपुढच्या रुग्णाला डिस्चार्जनंतर 2, 7, 14 आणि 28व्या दिवशी तशाच भेटी द्याव्यात, एवढीच आमची मागणी आहे.

पहिल्या भेटीला उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी हवेतच; गोळ्या जुळवण्याचे काम एकट्या आशाताईंवर ढकलू नका. घरातली सगळी पाकिटे बाहेर काढायची, औषधाचे मूळ नाव वाचून डिस्चार्ज कार्डाशी ताडायचे, शंका असेल तिथे वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करायचा आणि बंद केलेल्या गोळ्या बाजूला काढायच्या. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही याच ढिगात सापडते. त्याने बीपी चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. रुग्णाला 5 मिनिटे आडवे ठेवून बीपी घ्यावा, मग उभे करून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डोस डॉक्टरांना दाखवायलाच हवा. बसवून एकदाच मोजलेल्या बीपीत हे कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्याचे माकडहाड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर तिथे जखम सुरू झालेली असते. लघवीची नळी असेल तर ती बदलायची तारीख कार्डावर लिहिलेली हवी, अनेकदा नसते.

औषधसाठ्याचा घोळ वेगळाच. रुग्णालयाने लिहिलेले औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात नसले की दुसरे दिले जाते आणि त्या बदलाची नोंद कुठेच राहत नाही. घरी जाणाऱ्याला रुग्णालयातूनच 30 दिवसांच्या गोळ्या द्याव्यात.

आशाताई घरोघरी आजारांचा धोका तपासायला भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी तोल जातो का, रोजच्या कामांना मदत लागते का, असे प्रश्न आधीपासून आहेत. ‘हो’ या उत्तरानंतर कोणी काय करायचे, ते मात्र ठरवून द्या. आणि या भेटींना वेगळा मोबदला द्या, नाहीतर त्या वहीतच होतील.

केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर किंवा दीर्घ आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण आणले. तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या खर्चाने परिचारिका घरोघरी जातात. आपल्याकडे निदान एका जिल्ह्यात सुरुवात करा. जिल्हा रुग्णालयाने साठीपुढच्या डिस्चार्जची यादी रोज संध्याकाळी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि 28 दिवसांत त्यातले किती जण पुन्हा दाखल झाले, तो आकडा दरमहा जाहीर करावा.

आपले,
ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेत काम करणारे कार्यकर्ते