फार्म टू टेबल म्हणजे नक्की कुठलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'फार्म टू टेबल'वरचा, म्हणजे 'शेतापासून ताटापर्यंत'वरचा लेख वाचला. लिहिलाय छान, फोटो तर झकासच, पण वरच्या अर्ध्यात हा शब्द हॉटेलांसाठी वापरलाय आणि खालच्या अर्ध्यात पॅकेटबंद सूप बनवणाऱ्या कंपनीसाठी, आणि दोन्हीकडे अर्थ एकच असल्यासारखं सगळं पुढे सरकतं. तसं नाहीये हो.

हॉटेलवाल्यांचा अर्थ म्हणजे शेतकऱ्याकडून थेट, मधली माणसं कमीत कमी. अमेरिकेत अॅलिस वॉटर्स यांनी १९७१ साली बर्कलीला शे पॅनिस नावाचं रेस्टॉरंट काढलं, तिथून हे वारं जोरात पसरलं. त्यांच्याकडे मेन्यू रोज बदलायचा, कारण ज्या दिवशी शेतातून जे चांगलं येईल तेच शिजवायचं. आता ज्या हॉटेलात बारा महिने तेच लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड आणि बारा महिने तोच टोमॅटो, त्यानं दारावर फार्म टू टेबल लिहिलं तर काय म्हणायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला. अमेरिकेत 'ऑरगॅनिक' लिहायला सरकारी नियम आहेत, सर्टिफिकेट लागतं, 'फार्म टू टेबल'ला मात्र तशी सरकारी व्याख्याच नाही. २०१६ मध्ये तिथल्याच टॅम्पा बे टाईम्स या वर्तमानपत्राच्या पत्रकार बाईंनी हॉटेलांनी ज्यांची नावं छापली होती त्या शेतकऱ्यांनाच विचारलं, काही पदार्थांची डीएनए टेस्टपण करून घेतली, आणि बऱ्याच ठिकाणी मेन्यूवरचं खोटं निघालं.

दुसरा अर्थ सरकारी आहे आणि तो जवळपास उलटा आहे. मॅड काऊ, म्हणजे गाईंच्या मेंदूच्या रोगाच्या भानगडीनंतर युरोपियन कमिशननं (युरोपियन युनियनचा कारभार बघणारी संस्था) जानेवारी २००० मध्ये फूड सेफ्टीवर श्वेतपत्रिका काढली, त्यात 'फार्म टू टेबल' म्हणजे जनावरांच्या खाद्यापासून ताटापर्यंतच्या अख्ख्या साखळीवर लक्ष. मग २००२ चा कायदा आला आणि १ जानेवारी २००५ पासून प्रत्येक धंदेवाल्याला माल कोणाकडून घेतला आणि पुढच्या कुठल्या धंद्याला दिला हे सांगता आलंच पाहिजे असं झालं, म्हणजे एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. माल बिघडलेला निघाला तर कुठून आला, कुठे कुठे गेला ते शोधून परत मागवता यावा म्हणून. यात मधे दहा हात असोत, माल सात समुद्र ओलांडून येवो, चालतं! ताजेपणाचा किंवा जवळच्या शेताचा यात शब्दही नाही. २०२० ची युरोपची 'फार्म टू फोर्क' योजनापण अशीच सगळ्या साखळीची.

म्हणजे तुमच्या लेखातली सूपवाली कंपनी तशी खोटं बोलत नाहीये. ती दुसरा अर्थ वापरते आणि वाचणारा पहिला समजून खूश होतो, फोटोत शेत दाखवलं की झालंच काम. लेखात हे पकडायला हवं होतं.

ओळखायची एक ढोबळ खूण आहे, अगदी पक्की नाही. हॉटेलला किंवा जेवणाला विशेषण म्हणून लावला की बहुतेक पहिला अर्थ, आणि पुढे 'फ्रॉम' लावून, 'फ्रॉम फार्म टू टेबल' असा सगळा प्रवास सांगितला असेल तर दुसरा. आणि तिसऱ्या पानावरच्या चौकटीत गच्चीतल्या कुंड्यांनापण हेच नाव दिलंय, ते तर 'ग्रो युवर ओन', म्हणजे आपलं आपणच पिकवणं, त्याचा इथे काय संबंध?

पुढच्या वेळी कोणी हा शब्द वापरला तर तुमच्या लेखकांनी एवढंच विचारावं, कुठलं शेत आणि मधे किती जण? उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तर तेही छापा.

आपला,
दर रविवारी पुरवणी आधी वाचणारा एक वाचक