ती पिशवी आधी काढ

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्या स्वयंपाकघराच्या छताला बांधलेली प्लास्टिकची पिशवी दिसली. फोडणी घातली की धुराचा अलार्म कोकलतो, म्हणून त्याचं तोंड बांधलं, असं तू हसत सांगितलंस. आईही हसली. मला हसू आलं नाही. ती पिशवी आधी काढ, मग पुढचं वाच.

तुझ्या शिकागोची आग म्हटलं की सगळ्यांना १८७१ आठवतं. ओलिअरीबाईंच्या गाईने कंदील लाथाडला आणि शहर जळालं, ही कथा. सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली आणि बाईवर आळ आला तो आलाच. नगर परिषदेने तिला निर्दोष ठरवलं १९९७ मध्ये. तेव्हा ते ऐकायला ती कुठे होती!

पण मला छळते ती तिथल्याच रँडॉल्फ स्ट्रीटवरच्या इरोक्वॉय थिएटरची आग. ३० डिसेंबर १९०३. नाताळची सुट्टी, दुपारचा खेळ, त्यामुळे बायका-मुलंच जास्त. थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झालेले आणि जाहिरात काय, तर या वास्तूला आगीची भीतीच नाही. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आग अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉसचा पडदा होता, तो खाली येताना मध्येच अडकला. लोक दारांकडे धावले, तर काही दारं शोभेच्या पडद्यांआड, काहींच्या कड्या अशा की उघडायच्या कशा तेच कळेना, आणि काही आतल्या बाजूला उघडणारी. मागून शेकडो माणसं रेटत असताना दार आत ओढणार कोण? ६०० हून अधिक जीव गेले. शहरभर पसरलेल्या त्या मोठ्या आगीच्या दुप्पट, एका इमारतीत.

कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअरच्या धंद्यातला एक माणूस त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहिला, असं सांगतात. पुढे त्याने एका वास्तुविशारदाला हाताशी धरून दाराला आडवी दांडी बसवण्याची युक्ती काढली. अंगाचा भार पडला तरी दार बाहेर उघडतं. १९०८ मध्ये ती बाजारात आली. तुझ्या इमारतीच्या जिन्याच्या दाराला आहे ना, तीच. सामान चढवताना तुम्ही मुलं त्या दाराला वीट लावून ठेवता, तेही बंद कर. १९५८ मध्ये त्याच शहरातल्या एका कॅथलिक शाळेत जिन्यातूनच धूर वर चढला, कारण दुसऱ्या मजल्यावर जिन्याला दारच नव्हतं. इमारत जुनी, म्हणून नवे नियम लागू नव्हते. ९२ मुलं आणि ३ नन गेल्या. मी शाळेत नोकरी केलेला माणूस, यावर जास्त लिहवत नाही.

आणि शिकागोत जुलै १९९५ ला तर आगही नव्हती. नुसता उन्हाळा, पारा ४१ अंशांवर. आपल्या नागपूरकरांना त्याचं काय, असं तू म्हणशील. तिथे ७३९ माणसं दगावली. बरीचशी म्हातारी, एकटी राहणारी. चोराच्या भीतीने खिडक्यासुद्धा बंद करून बसलेली. तुझ्या शेजारच्या आजी एकट्याच असतात ना? त्यांचा नंबर घेऊन ठेव आणि उन्हाळ्यात रोज एकदा त्यांची बेल वाजवत जा. त्या वैतागल्या तरी चालेल.

तुझे,
बाबा