दात पडला, पण उंदीर कोणता?

माद्रिद, रविवार संध्याकाळ

माय,

नमस्कार, बाबांना पण. दादा वाचून दाखवेल तुला, त्याला म्हणावं मधलं मधलं गाळू नको. फोनच करणार होते पण तिकडे साडेदहा वाजून गेले असतील रात्रीचे, आणि फोनवर तू मध्येच "पोट्टा जेवला का" विचारते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते.

तर छोटूचा पहिला दात पडला. खालचा, समोरचा. पंधरा दिवसांपासून हालून राहिला होता आणि हा दिवसभर जिभेनं ढकलून राहिला, होमवर्क करताना, टीव्ही पाहताना, आंघोळीत पण. मला टेन्शन वेगळंच होतं, कारण त्याच्या मागून हिरडीतून दुसरा दात आधीच डोकं काढून बसलेला, दोन रांगा झाल्या ना तोंडात! डेंटिस्टकडे नेलं तर बाई हसली, म्हणे पुष्कळ मुलांचं असं होतं, खालून नवा दात यायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं म्हणून तो सैल होतो, याचा नवा जरा मागून आला एवढंच, जुना पडला की जीभ त्याला हळूहळू पुढे ढकलते. तिनं उलट मागची दाढ पाहायला सांगितली. सहाव्या वर्षाच्या आसपास तिथे काही न पडताच नवीन दाढ येते आणि ती कायमची असते, लोकांना वाटते दुधाचीच आहे, पडेल, आणि ती किडून जाते. दादाच्या पोरीची पण पाहून घे गं, ती पण सहाची झाली ना.

आता पडला कसा ते ऐक आणि मोहल्ल्यात सांगत फिरू नको. इथल्या लावापिएस मोहल्ल्यातल्या बांगलादेशी दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं होतं, जुनं असेल, भाकर थापताना चिरून राहिली, आणि भाजल्यावर अशी कडक झाली की काही विचारू नको. छोटूनं काठ तोडला आणि एकदम चूप. हातावर तुकडा ठेवला, त्यात दात रुतलेला. हुरड्याच्या दाण्याहून थोडासा मोठा, खाली मूळबीळ काही नाही, आणि एक लाल ठिपका. रडला नाही. म्हणे, "आई, तुझ्या भाकरीनं काढला."

खरी भानगड पुढे आहे. इकडे पण दात उंदरालाच देतात माय! इंग्रजांकडे परी येते म्हणतात, पण स्पेनमध्ये रातोन पेरेझ नावाचा उंदीर येतो, उशीखालचा दात नेतो आणि नाणं ठेवतो. त्याची गोष्ट कोलोमा नावाच्या पाद्रीनं १८९४ च्या सुमारास लिहिली, इथल्या राजासाठी, अल्फोन्सो तेरावा, तो जन्मापासूनच राजा आणि आठ वर्षांचा असताना त्याचा दात पडला होता. गोष्टीतला उंदीर आरेनाल रस्त्यावर ८ नंबरच्या घरात मिठाईच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यात राहायचा, आणि आता तिथे नगरपालिकेनं खरंच पाटी लावली आहे की इथे उंदीर राहत होता. आपल्याकडे तर कोठीत उंदीर राहतो म्हणून तू रात्रभर काठी आपटायची. तुरीचं पोतं कुरतडलं की "मेल्याचं तोंड जळो" आणि दुसऱ्या दिवशी आमचा दात पडला की त्यालाच मामा म्हणायला लावायची!

मी छोटूला माझी गोष्ट सांगितली होती, बाबांनी माझा दात शेणाच्या गोळ्यात घालून कोठ्याच्या कवेलूवर फेकला, पहिला गोळा घसरत खाली आला आणि तू नुकत्याच टाकलेल्या सड्यात पडला, दुसऱ्यांदा फेकला तेव्हा चिकटला. "उंदीरमामा उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." यानं विचारलं, उंदराचाच दात काहून? मी म्हटलं त्याचे समोरचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडून कुरतडून झिजवावे लागतात. मग म्हणे, तो तुझ्या मामाचा भाऊ आहे का?

झालं, याला दोन्ही उंदीर पाहिजे. इकडचा पैसे देतो, तिकडचा दात देतो. मी कबूल करून बसले. रात्री उशीखालून दात काढून माझ्या करंड्यात ठेवला आणि दोन युरोचं नाणं ठेवलं (हे तर पाच म्हणत होते, मी म्हटलं अजून एकोणीस पडायचे आहेत). सकाळी नाणं पाहून खूश, तान्ह्या पोळ्याला बैल फिरवून बोजारा मिळाला होता ना दोन वर्षांआधी, तसाच नाचला. मग एकदम ओठ खाली. "दात तर पेरेझनं नेला, आता आबाजी काय फेकतील?"

मी आतल्या खोलीत जाऊन कागदावर उंदराच्या नावानं चिठ्ठी लिहिली, स्पॅनिशमध्ये, की भारतातल्या मामाचा हक्क आधी, म्हणून दात परत ठेवतो आहे. दातासोबत कपाटाखाली ठेवली आणि त्यालाच शोधायला लावली. पोट्ट्यानं बोट ठेवून ठेवून पूर्ण वाचली आणि म्हणे, "आई, रातोन पेरेझला स्पॅनिश नीट येत नाही. तीन चुका आहेत." ह्यांना हसू आवरेना, मी स्वयंपाकघरात पळाले.

तर दात आता कापसाच्या बोळ्यात, काडेपेटीत आहे. डिसेंबरमध्ये येऊ तेव्हा आणतो. तेवढ्यात वरचा पण पडेल कदाचित.

फक्त एक काम कर. घराला स्लॅब पडला ते चांगलंच झालं, पण दादा म्हणत होता कोठ्याची पण कवेलू काढून टिनं टाकायची आहेत दिवाळीनंतर. त्याला म्हणावं जानेवारीत टाक. टिनावर शेणाचा गोळा टिकत नाही.

तुझी पोरगी