मासेमारीची बॅग घेताना आधी खांद्याला विचारा

संपादक साहेब, नमस्कार. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जाणाऱ्यांना मनापासून सांगतो, फ्लाय फिशिंगचं (गळाला ‘फ्लाय’ म्हणजे पिसा-दोऱ्याची खोटी माशी लावून मासे धरण्याचं) सामान कशात न्यायचं ते दुकानात भरून, अंगावर घालूनच ठरवा. मी एका खांद्यावरची स्लिंग बॅग घेतलेली, पहिला तासभर मस्त वाटलं पण दुपारपर्यंत मान अशी आखडली की रॉड मागे नेताना कळ यायची आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरलो तर फ्लायच्या डब्यासुद्धा भिजल्या. आता आखूड व्हेस्ट, म्हणजे खिसेवालं बिनबाह्यांचं जाकीट वापरतो, मानेला रुंद पट्टी, वजन दोन्ही खांद्यांवर सारखं, दोरा कापायची कात्री छातीवरच लटकवलेली. १९३१ साली अमेरिकेतले नावाजलेले फ्लाय फिशर ली वुल्फ यांनी अशी व्हेस्ट पहिल्यांदा शिवली म्हणतात, सगळं हाताशी राहावं म्हणून. फक्त खिसे आहेत म्हणून सगळे भरू नका हो, दोन डब्या पुरतात.

– एक वाचक, पुणे